जळक्या चवीची साक्ष

इलेक्ट्रॉनिक सिगारेट, जिला तरुण मंडळी ‘व्हेप’ म्हणतात, तिच्यावर आपल्या देशात बंदी आहे. १८ सप्टेंबर २०१९ रोजी केंद्र सरकारने त्यासाठी वटहुकूम काढला आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात संसदेने त्याचे कायद्यात रूपांतर केले. उत्पादन, आयात, निर्यात, वाहतूक, विक्री, वितरण, साठवण आणि जाहिरात या साऱ्यांना या कायद्याने मनाई आहे. पहिल्या अपराधास एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड अथवा दोन्ही, आणि अपराध पुन्हा घडल्यास तीन वर्षांपर्यंत कैद व पाच लाखांपर्यंत दंड सांगितला आहे. कायदा इतका स्पष्ट असता, नवख्याने कोणते यंत्र घ्यावे, त्यात कोणता रस भरावा आणि ओढताना तोंडात जळकी चव येऊ नये म्हणून काय काळजी घ्यावी, याविषयी महाविद्यालयांच्या कट्ट्यांवर आणि वसतिगृहांच्या खोल्यांत मोठ्या अधिकारवाणीने सल्ला दिला जातो. बंदी पाळली जात नाही याचे दुःख करण्यापुरता हा अग्रलेख आम्ही लिहीत नाही. त्या सल्ल्यातील शेवटचे कलम, म्हणजे जळकी चव टाळण्याचे, आम्हांस अधिक विचार करण्याजोगे वाटते. कारण या यंत्राविषयी जे काही जाणावयाचे ते बहुतेक सारे त्या एका कलमात येऊन बसले आहे.

हे यंत्र आहे तरी काय? ज्या पालकांनी ते पाहिलेले नाही त्यांच्यासाठी थोडे तपशिलाने सांगणे भाग आहे. एक बॅटरी, एक लहानशी टाकी आणि टाकीच्या तळाशी बारीक तारेचे वेटोळे, एवढीच त्याची मुख्य सामग्री. तार बहुधा निकेल व क्रोमियमच्या किंवा लोखंड, क्रोमियम व ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूची असते. घरच्या विजेच्या शेगडीतील तारेची ती धाकटी बहीणच म्हणावी. या वेटोळ्याला कापसाची वात जोडलेली असते. टाकीत प्रोपिलीन ग्लायकॉल आणि ग्लिसरीन यांचे मिश्रण, त्यात विरघळवलेले निकोटिन आणि आंबा, पुदिना, व्हॅनिला असा काही तरी स्वाद. वात हा रस शोषून तारेपर्यंत आणते, तार तापते, रसाचे धुके होते आणि ते ओढणाऱ्याच्या फुप्फुसात जाते. समईची वात तेल वर ओढते त्यातलाच हा प्रकार. समईतील तेल आटले की वात स्वतः जळू लागते आणि देवघरभर काजळीचा वास पसरतो. येथेही तसेच घडते. वात पुरती भिजलेली नसली, टाकी तळाला गेली, किंवा विजेचा जोर रसाच्या पुरवठ्यापेक्षा अधिक झाला, म्हणजे तार कोरडा कापूसच भाजू लागते आणि ओढणाऱ्याच्या घशात एकदम कडू, करपट, ठसका आणणारा झुरका जातो.

नवख्यास मिळणारा सल्ला याच घटनेभोवती फिरतो. नवे वेटोळे बसवल्यावर रसाचे चार थेंब थेट कापसावर सोडावेत. टाकी भरल्यावर काही मिनिटे थांबावे. विजेचा जोर आरंभी कमी ठेवावा. झुरक्यामागून झुरका घेऊ नये. अति गोड रसाने तारेवर काळे पुट चढते म्हणून वेटोळे वेळच्या वेळी बदलावे. तांत्रिक दृष्ट्या यात खोटे काही नाही. काही वर्षे शाळेत खडू हाती धरलेल्या आम्हांस त्यातील शिस्तीचे कौतुकही वाटते. रसायनशास्त्राच्या प्रयोगवहीत हीच तत्परता दिसती तर किती बरे झाले असते! परंतु जिला घालवून देण्यासाठी हा सारा खटाटोप, ती चव म्हणजे काय, हा प्रश्न त्या सल्ल्यात कोठेही विचारलेला आढळत नाही.

ती चव म्हणजे आत काय चालले आहे याची साक्ष होय. ग्लिसरीन प्रमाणाबाहेर तापले की त्याचे विघटन होऊन ॲक्रोलीन नावाचा उग्र पदार्थ निर्माण होतो. कढईतील तेल जळून धूर निघू लागला म्हणजे डोळे चुरचुरतात आणि सारे घर खोकू लागते, त्यात याच पदार्थाचा मोठा हात असतो. ॲक्रोलीनच्या जोडीला फॉर्माल्डिहाइड आणि ॲसिटाल्डिहाइड येतात. शाळेच्या प्रयोगशाळेत बेडूक आणि साप ज्या फॉर्मॅलिनमध्ये बुडवून ठेवलेले असतात, त्याचा मूळ घटक म्हणजे फॉर्माल्डिहाइड. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने त्याला माणसास कर्करोग करणाऱ्या द्रव्यांच्या पहिल्या वर्गात घातले आहे. जीभ आणि घसा ही आपली जुनी पहारेकरी इंद्रिये. रसायनाचे नाव त्यांस ठाऊक नसते, पण अनोळखी इसम आत शिरतो आहे एवढे ती ओरडून सांगतात.

या पहाऱ्याचे महत्त्व शास्त्रज्ञांच्या एका वादात फार चांगले दिसून आले. जानेवारी २०१५ मध्ये अमेरिकेतील पोर्टलंड स्टेट विद्यापीठाच्या संशोधकांनी ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’ या नियतकालिकात एक पत्र प्रसिद्ध केले. यंत्र ३.३ व्होल्टवर चालवले असता फॉर्माल्डिहाइड सोडणारी संयुगे त्यांना आढळली नाहीत. ५ व्होल्टवर मात्र ती भरपूर आढळली. जगभर खळबळ उडाली. त्यावर ग्रीसमधील डॉ. फार्सालिनोस आणि त्यांचे सहकारी यांनी आक्षेप घेतला की, इतके तापलेले यंत्र ओढणाऱ्यास असह्य जळकी चव देते आणि तो आपण होऊन थांबतो. प्रयोगशाळेतील पंपाला जीभ नसल्यामुळे तो मुकाट्याने ओढत राहतो. हा आक्षेप आम्हांस बराचसा योग्य वाटतो. पण त्यातून निघणारा अर्थ व्यापाऱ्यांना वाटतो तितका सोयीचा नाही. या उपकरणापासून ओढणाऱ्याचे जे काही रक्षण होते त्यातील एक मोठा भाग यंत्र करीत नसून त्याची स्वतःची जीभ करीत असते, असे यंत्राच्या कैवाऱ्यांनीच येथे कबूल केले आहे.

यावर कोणी म्हणेल की, मग जळकी चव टाळण्याचा सल्ला म्हणजे विष टाळण्याचाच सल्ला झाला. त्याला नावे का ठेवता? प्रश्न रास्त आहे आणि त्याचे अर्धे उत्तर ‘होय’ असेच द्यावे लागेल. कमी तापलेल्या रसातून ही द्रव्ये कमी निघतात. विडी-सिगारेटच्या धुरातील डांबर आणि कार्बन मोनॉक्साइड या धुक्यात नसतात म्हटले तरी चालेल. इंग्लंडच्या आरोग्य खात्याने याच कारणास्तव सिगारेट सोडू इच्छिणाऱ्या प्रौढांस हे यंत्र वापरण्यास उत्तेजन दिले, आणि निकोटिनच्या पट्ट्या वा गोळ्यांपेक्षा त्याने सिगारेट सोडणारे अधिक निघतात असा निष्कर्ष कॉक्रेन या संस्थेच्या संशोधन-आढाव्यातही आलेला आहे. हे लपविण्यात अर्थ नाही. मात्र त्याच ब्रिटनला, शाळकरी मुलांच्या हाती रंगीबेरंगी यंत्रे दिसू लागल्यावर, एकदा वापरून फेकण्याच्या यंत्रांची विक्री १ जून २०२५ पासून बंद करावी लागली, हेही त्याच दमात सांगितले पाहिजे.

उत्तराचा दुसरा अर्धा भाग असा की, जळकी चव गेली म्हणजे निकोटिन गेले असे होत नाही. उलट ते अधिक सुखाने आत जाते. पूर्वीच्या रसातील निकोटिन घशाला खवखवत असे, आणि ती खवखवही एक सूचनाच होती. २०१५ साली अमेरिकेत बाजारात आलेल्या ‘जूल’ या यंत्राने निकोटिनात बेंझोइक आम्ल मिसळून ती खवखव घालविली. त्याच्या रसात एका मिलिलिटरला सुमारे ५९ मिलिग्रॅम निकोटिन होते. युरोपीय संघाने ठरविलेली मर्यादा २० मिलिग्रॅमची आहे. परिणाम व्हावयाचा तोच झाला. डिसेंबर २०१८ मध्ये अमेरिकेच्या सर्जन जनरलना तरुण मुलांतील या व्यसनास ‘साथ’ हा शब्द वापरणे भाग पडले. घशाची तक्रार अशी मिटली, आणि कपड्यांना व केसांना लागणारा वास तर या यंत्राने पहिल्यापासूनच मिटवलेला होता. घरी आलेल्या मुलाच्या अंगाला आंब्याचा वास येतो म्हणून कोणती आई संशय घेईल? या धंद्याचे कौशल्य आम्हांस येथे दिसते: शरीराने आणि घराने द्यावयाच्या सूचना एकामागून एक बंद करीत नेणे. नवख्याला शिकवली जाणारी हातोटी हा त्या कौशल्याचाच शेवटचा धडा आहे आणि तो धडा विद्यार्थी स्वतःच्या हाताने गिरवतो.

शिवाय जीभ ही सर्वज्ञ नाही. डायासेटिल या द्रव्याने लोण्याचा सुरेख स्वाद येतो आणि खाण्यात ते निरुपद्रवी मानले जाते. पण अमेरिकेतील मिसूरी राज्यात मक्याच्या लाह्यांच्या कारखान्यात त्याची वाफ हुंगणाऱ्या कामगारांच्या फुप्फुसांतील सूक्ष्म नलिका कायमच्या निकामी झाल्याचे २००० सालच्या सुमारास उघडकीस आले. पोटाला जे चालते ते फुप्फुसाला चालतेच असे नाही, हा साधा भेद या यंत्राच्या जाहिरातीत नेहमी पुसला जातो. पुढे २०१९ साली अमेरिकेत व्हेप ओढणाऱ्यांत फुप्फुसाच्या तीव्र विकाराची लाट आली आणि फेब्रुवारी २०२० पर्यंत २,८०७ रुग्णांची व ६८ मृत्यूंची नोंद झाली. चौकशीअंती मुख्य संशय ‘ई’ जीवनसत्त्वाच्या ॲसिटेटवर आला; गांजाच्या अर्काचा रस दाट करण्यासाठी चोरट्या विक्रेत्यांनी ते त्यात मिसळले होते. तेही अन्नात वा मलमात चालणारेच द्रव्य. चवीवर भरवसा ठेवून त्या रुग्णांना काय उपयोग झाला असता?

आता जेथे हा प्रश्न आपल्याला प्रत्यक्ष भिडतो तेथे यावयास हवे, आणि त्यासाठी आम्ही मुंबई-पुण्याऐवजी मुद्दामच आपल्या प्रांताच्या एका टोकाकडे बोट दाखवितो. नंदुरबार जिल्ह्याच्या अक्कलकुवा तालुक्यात, सागबारा-डेडियापाड्यावरून अंकलेश्वरकडे जाणाऱ्या रस्त्यावर, गुजरातच्या सीमेलगत खापर हे गाव आहे. गावाला हे नाव कसे पडले या वादात आम्ही शिरत नाही. पण खानदेशात खापर म्हटले की चुलीवर पालथे घातलेले मातीचे भांडे आणि त्यावर पसरलेली, हातांवर झुलवून मोठी केलेली पुरणाची पोळी डोळ्यांपुढे येते. करपट चवीशी ज्यांची रोजची गाठ, त्या गृहिणींना यातील मर्म विचारावे. खापर जास्त तापले की पहिल्या पोळीलाच डाग पडतो, वास सुटतो, आणि लाकूड मागे ओढले जाते. सुगरणही जळकी चव टाळते, हे खरे. परंतु तिने ती टाळली म्हणजे पानात पोळी पडते. यंत्राच्या धन्याने ती टाळली म्हणजे त्याच्या रक्तात निकोटिनच पडते, आणि तेही पहिल्याहून अधिक नेमाने.

खापरसारख्या सीमेवरच्या गावाला बंदी म्हणजे काय हे आम्ही शहरवासीयांनी शिकवावे, अशी स्थिती नाही. पलीकडे गुजरातेत राज्याच्या स्थापनेपासून, म्हणजे १९६० पासून, दारूबंदी आहे. अलीकडे परवान्याची दुकाने आहेत. गुटख्यावर महाराष्ट्राने २०१२ साली बंदी घातली. त्यानंतर गुटख्याच्या गाड्या पकडल्याच्या किती बातम्या आम्हीच छापल्या असतील! रस्ता आणि नफा एकत्र आले म्हणजे मनाईच्या पाटीशी माल थांबत नाही. म्हणून बंदी उठवावी असे आम्ही मुळीच म्हणत नाही. आपल्यासारख्या देशात आणखी एका निकोटिनच्या दुकानाची गरज नाही. पण बंदी असलेल्या मालावर विश्वास ठेवावा असे लेबल नसते, रसात निकोटिन किती हे तपासणारा निरीक्षक नसतो, आणि बिघडल्यास तक्रार घेऊन जाण्यास जागा नसते. अशा वेळी मुलाला माहिती देणारा एकच उरतो, तो म्हणजे विकणारा किंवा त्याचा मित्र. कायदा करून आपण सारे गप्प बसलो त्याचे हे फळ आहे, आणि त्याचे खापर केवळ पोलिसांवर फोडणे न्यायाचे होणार नाही.

इंग्लंडचा दाखला देऊन हे यंत्र आपल्याकडेही तंबाखूवर उतारा म्हणून खुले करावे, असा युक्तिवाद काही सुशिक्षित मंडळी करतात. त्यांनी २०१६-१७ च्या राष्ट्रीय तंबाखू पाहणीतील महाराष्ट्राचे आकडे पाहावेत. आपल्या राज्यातील प्रौढांपैकी २६.६ टक्के लोक कोणत्या ना कोणत्या रूपात तंबाखू घेतात. त्यांत धूर ओढणारे सर्व मिळून ३.८ टक्के, आणि तंबाखू तोंडात धरणारे, मळणारे, मिश्री लावणारे २४.४ टक्के. लंडनमधील माणूस सिगारेट टाकून यंत्र हाती घेतो, तेव्हा निदान धुराच्या जागी धुके येते. खापरच्या आठवडे बाजारात चुना मळणाऱ्या मजुराच्या व्यसनाशी या आंब्याच्या वाफेचा संबंध काय? त्याच्या गालातील पांढऱ्या चट्ट्यावर ती कोणता इलाज करणार? आपल्या राज्यात हे यंत्र आले तर ते बहुशः तंबाखू सोडणाऱ्याकडे न जाता, ज्याने तंबाखूला कधी हातही लावला नसता अशा मुलाकडे जाईल. आणि तो मुलगा खापरचा असण्यापेक्षा आमच्या वाचकाच्या घरचा असण्याचा संभव अधिक आहे, कारण यंत्राची किंमत त्याच्याच खिशाला परवडते.

येथे आम्हांस आपल्या वर्गाविषयी दोन शब्द कठोरपणे बोलावेसे वाटतात. टेमरूच्या पानाची विडी ओढणारा सातपुड्यातील शेतमजूर आपल्याला अडाणी वाटतो. त्याच्या शेजारी एस.टी.त बसावे लागले तर आपण खिडकी उघडतो. विडी निर्दोष आहे असे म्हणण्याचा वेडेपणा आम्ही करणार नाही. ती माणसे मारते. पण ती काय आहे हे ती लपवीत नाही. तिचा धूर दिसतो, वास येतो, खोकला लागतो, आणि ओढणाऱ्याची बायको त्याला रोज बोलते. आपल्या घरी मात्र खडूच्या आकाराचे, पेनासारखे दिसणारे यंत्र दप्तरात सापडले, तर पुष्कळ पालक ‘निदान सिगारेट तरी नाही’ असे म्हणून सुस्कारा टाकतात. पंचविशीपर्यंत मेंदूची घडण चालू असते आणि त्या काळात निकोटिन त्यावर जी पकड घेते ती पुढे सहज सुटत नाही, हे आता वैद्यकात वादातीत आहे. सुस्कारा टाकण्याची ही वेळ नव्हे.

मग करावे काय? शिक्षण खात्याने प्रथम परिपत्रकांचा मोह आवरावा. भित्तिपत्रके आणि शपथा यांनी मुलांचे कुतूहल शमत नाही. उलट मास्तरांना काही ठाऊक नाही अशी त्यांची खात्री पटते. नववी-दहावीच्या विज्ञानाच्या तासाला हे यंत्र फळ्यावर काढावे. तार, वात, रस, बॅटरी, सारे सांगावे. वात का जळते, ग्लिसरीनचे काय होते, आम्ल मिसळल्याने निकोटिन गुळगुळीत कसे लागते, हे नि:संकोच शिकवावे. जळक्या चवीचा धडा मित्राने चुकीच्या हेतूने शिकवण्याआधी तो शिक्षकाने योग्य हेतूने शिकवला पाहिजे. ॲक्रोलीनचा प्रयोग वर्गात करू नये. तेल जळलेली कढई प्रत्येकाने घरी हुंगलेली असते, तेवढी आठवण पुरेशी आहे. हा पाठ नंदुरबारच्या आश्रमशाळेत आणि नाशिक-पुण्याच्या इंग्रजी शाळेत सारखाच व्हावा, कारण दहावीनंतर दोन्हीकडची मुले एकाच वसतिगृहात येऊन राहतात.

कायद्याच्या अंमलबजावणीपैकी निम्मी तर आजच, नवा शिपाई न नेमता, होण्यासारखी आहे. शाळेपासून शंभर यार्डांच्या आत आणि अठरा वर्षांखालील मुलांना तंबाखूचा माल विकण्यास २००३ च्या कायद्याने मनाई केलेली आहे. मुलाच्या हाती तंबाखू देणाऱ्यास २०१५ च्या बालन्याय कायद्यात सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी सांगितली आहे. शाळेच्या फाटकासमोरील टपरी मुख्याध्यापकांना रोज दिसते. ती नगरपालिकेला आणि पोलीस ठाण्याला का दिसू नये?

ज्यांना सवय लागून गेली आहे त्यांच्यासाठी १८००-११-२३५६ हा केंद्र सरकारचा नि:शुल्क दूरध्वनी क्रमांक आहे. तेथे तंबाखू सोडण्यासाठी समुपदेशन मिळते. हा क्रमांक प्रत्येक शाळेच्या सूचनाफलकावर मोठ्या अक्षरांत लागला पाहिजे. आणि जो विद्यार्थी आपण होऊन यंत्र शिक्षकांच्या टेबलावर आणून ठेवील, त्याचे नाव शाळेने त्या फलकावर नेऊ नये, त्याला दाखलाही देऊ नये. वर्गशिक्षकांनी त्याच संध्याकाळी त्याच्या घरी जाऊन आई-वडिलांशी बोलावे.